अकरांतला सातवा

सहावा टेम्प्लेट तिने वाचून पुसला. सातवा न वाचताच पुसला.

कागद कापणाऱ्या यंत्राच्या माहितीपुस्तकाची ती स्टाइलशीट होती, म्हणजे माहितीची छापील पानं कशी करायची ते सांगणारी फाइल. यंत्रात जोडण्या, जोडण्यांत भाग, त्या भागांत आणखी भाग; आणि दर पातळीला तोच टेम्प्लेट, छपाईचा तोच साचा, पुन्हा चिकटवलेला. असे अकरा! अक्षर मोठं करायचं तर अकरा ठिकाणी हात घाला. काल एक जागा राहिली आणि साहेबांनी तिला सगळ्यांदेखत झापलं. आज पाचला पुस्तक जायलाच हवं होतं.

खरं तर एकच टेम्प्लेट पुरे. कुठल्याही भागाशी जुळेल, तो छापेल, आतल्या भागांसाठी स्वतःलाच पुन्हा बोलावेल. आत काही उरलं नाही की थांबेल.

अकरा लिहिणारे मिस्त्री शेजारीच बसत. कारखान्यातून या ऑफिसात आले तरी नाव तेच राहिलं. उजव्या हाताला दोनच बोटं. बाकीची कशी गेली हे तिने कधी विचारलं नव्हतं. त्या दोन बोटांची कीबोर्डवरची टकटक मात्र तिच्या डोक्यात जायची.

"काका, तेच ते अकरा वेळा कशाला लिहिलंत हो?"

"जमलं तसं शिकलो गं. तू कर नीट."

"तेच निस्तरतेय सकाळपासून!"

नवा टेम्प्लेट पहिल्याच फटक्यात चालला. तिने जुनं आणि नवं पुस्तक ताडून पाहिलं. फरक एकाच ओळीचा होता. पात्याच्या पानावरची ही ओळ जुन्यात होती, नव्यात नव्हती: 'वीज तोडल्याशिवाय हात घालू नये. पातं थांबलेलं दिसतं, थांबलेलं नसतं.'

ग्राहकाने, म्हणजे यंत्र बनवणाऱ्या कंपनीने, दिलेल्या माहितीत ही ओळ नव्हतीच. ती सातव्या टेम्प्लेटमध्ये कोंबलेली होती. तिचं डोकंच फिरलं.

"काका, ही पात्याची ओळ..."

टकटक थांबली.

"माहितीत दोनदा घातली. दोनदा त्यांनी काढली. यंत्र धोक्याचं वाटतं म्हणे. त्यांची माणसं माहिती तपासतात, टेम्प्लेट कोण उघडतंय?"

त्यांचा हात कीबोर्डवर तसाच होता. ती त्या हाताकडे बघत राहिली. सकाळपासूनचं आपलं बोलणं आठवून तिला लाज वाटली.

मग ती वळली आणि फक्त त्या पात्याशी जुळणारा, ती ओळ छापणारा एक छोटा टेम्प्लेट लिहू लागली.

पाचला साहेब दारात आले.

"काय, अकराचा एक झाला ना?"

"दोन झाले," ती म्हणाली आणि पुस्तक पाठवून दिलं.