कल्लप्पाच्या जागी साजण

गिरणीचा पट्टा फाडकन तुटला. चंद्रव्वाने खटका ओढून मोटार बंद केली आणि गिरणीत एकाएकी शांतता झाली. डबे घेऊन बसलेल्या बायांनी "आता झालं का!" म्हणत कपाळाला हात लावला. त्या शांततेत शेजारच्या हुसेनसाबच्या हॉटेलातलं गाणं चंद्रव्वाच्या कानावर पहिल्यांदाच नीट आलं.

तसं ते महिनाभर रोज वाजत होतं. पण गिरणी चालू असली की तिला फक्त ढोलाचे ठोके कळायचे, आणि ठोक्यांशी तिचं काही भांडण नव्हतं. आज शब्द ऐकू आले.

'सीनामाई आली भरा, पाणी लागलं थडीला
ये रे ये साजणा, चांदराती जोडीला'

चंद्रव्वाने पट्टा काढायला घेतलेला पाना खाली टाकला. भुवयांवर पीठ, नाकाच्या शेंड्यावर पीठ, तशीच ती उठली आणि तरातरा हॉटेलात शिरली. त्या गल्लीतली बाई कधी हॉटेलात पाऊल टाकत नसे, आणि पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात चंद्रव्वानेही टाकलं नव्हतं. टेबलं बडवून ताल धरणारी पोरं थबकली. गल्ल्याशेजारी रेकॉर्ड फिरत होती. तिने तिच्यावरची सुई उचलून बाजूला केली. कर्रकन आवाज झाला.

"अगे अगे चंद्रव्वा!" हुसेनसाब गल्ला सोडून धावला. "कायकू सुई वढती गे? रेकॉर्ड खराब हुती ना!"

"हू दे खराब. फोडूनच टाकते बघ."

"पन झालं काय? लई चांगलं गाणं हाय की. समदं सोलापूर नाचतंय त्येच्यावर."

"माज्या भावाच्या मरणावर नाचतंय व्हय रं समदं सोलापूर?"

हुसेनसाबने सुईकडे नेलेला हात मागे घेतला. वीस वर्षांचा शेजार होता. चंद्रव्वाची जीभ त्याला ठाऊक होती, तिच्या शिव्याही त्याने पोटभर खाल्ल्या होत्या. पण तिचा ओठ असा थरथरताना त्याने पाहिला नव्हता. त्याने मुकाट्याने रेकॉर्ड काढली, कव्हरात घातली आणि दळण सोडून मागोमाग आलेल्या दाक्षायणीबाईंच्या हातात दिली. दाक्षायणीबाई नगरपालिकेच्या शाळेत शिकवत. गल्लीतल्या कुणाचाही कागद वाचायचा झाला की तो त्यांच्याकडेच जाई.

कव्हर तर पाहण्यासारखंच होतं. काळा चष्मा लावलेली एक मुलगी जात्यापुढे बसली होती. एका हाताने जात्याचा खुंटा धरलेला, दुसऱ्या हातात गिटार. जात्यात दाणा नाही, भोवती पिठाचा कण नाही. खुंटा तिने असा दोन बोटांत धरला होता की त्याने एक वेढा जरी घेतला असता तरी बाईसाहेबांचा पंजा उखडला असता. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'गेल्या सुरांना मुजरा'. लावणी, पोवाडा, गोंधळ, ओवी, सगळं नव्या ढंगात, नव्या पिढीसाठी. मुजरा करताना माणूस खाली वाकतो अशी आपली समजूत. हे मुजरा करणारे समोरच्याच्या डोक्यावर उभे होते.

दाक्षायणीबाईंनी कव्हर उलटं केलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "संगीत त्यांचंच आहे, अक्का. तुमच्या ओव्या टेप करून नेल्या ना, त्या टेपवाल्यांचं."

"आन गाणं कुणाचं लिवलंय?"

"पारंपरिक."

"म्हंजी कोन?"

"म्हणजे... कुणाचंच नाही. फार जुनं. करणारा माहीत नाही असं."

"म्हाईत न्हाई?" चंद्रव्वाचा आवाज हॉटेलाबाहेर गेला. "माज्या दारात बसून, माज्या हातची भाकर खाऊन गेला की मुडदा! वहीत नाव लिवून घेतलं हुतं माजं. म्हाईत न्हाई म्हनं!"

टेपवाल्याला गल्लीत आणलं होतं दाक्षायणीबाईंनीच, दोन वर्षांपूर्वी. मुंबईचा तरुण संगीतकार, जुनी गाणी गोळा करत हिंडतो, गोड बोलतो. त्यांनी त्याला सरळ चंद्रव्वाकडे नेलं, कारण गल्लीत कुणाचंही लग्न निघालं की हळदीचं जातं पहिल्यांदा ओढायला बोलावणं चंद्रव्वालाच जाई. पिठाची गिरणी चालवणाऱ्या बाईच्या तोंडी जात्यावरची ओवी असावी याची त्याला भारी गंमत वाटली होती. गिरणीमागच्या खोलीतलं जातं बाहेर काढून तिने सकाळभर ओव्या म्हटल्या. आधी त्याला जात्याची घरघर नको होती, नुसता गळा हवा होता. पण हात थांबला की चंद्रव्वाचा गळाही थांबे. शेवटी त्याने टेपचं यंत्र लांब उंबऱ्यावर नेऊन ठेवलं. निघताना म्हणाला, "आजी, अगदी तुमची स्वतःची अशी एखादी म्हणा की." तेव्हा तिने कल्लप्पाची ओवी म्हटली.

'सीनामाई आली भरा, पाणी लागलं थडीला
नगं येऊ कल्लप्पा, माज्या पंचमीच्या घडीला
वर खोचून धोतर, पाय घालू नगं पान्यात
म्हायार मी बघीन रं, जात्याच्या ह्या दान्यात'

कल्लप्पा तिचा पाठचा भाऊ. त्याच्या जागी आता साजण आला होता, आणि 'नगं येऊ'च्या जागी 'ये रे ये'. बहिणीने भावाला म्हटलेली ओवी चांदराती साजणाला बोलावत होती, आणि हॉटेलातली पोरं त्यावर डोळे मारत होती. दाक्षायणीबाईंना ते सोसवेना. चंद्रव्वाचं तर अंग पेटलं होतं.

"शिवा शिवा! भन भावाला अशी हाक मारतीया व्हय? त्यो गावंल तितं त्येचं तोंड फोडते मी."

तो गावायला फार दिवस लागले नाहीत. रेकॉर्डीचा खप दांडगा होता, म्हणून त्याच गाण्यांचा कार्यक्रम गावोगाव चालला होता. पुढच्याच रविवारी दुपारी चारला सोलापूरच्या नाट्यगृहात खेळ होता. पास हुसेनसाबने मिळवले. कुणाकडून ते सांगितलं नाही, आणि ती रेकॉर्डही पुन्हा हॉटेलात लावली नाही. दाक्षायणीबाईंना मात्र धास्ती होती. "अक्का, तिथे शिव्या देऊ नका हं. चार शब्द समजावून सांगू. शिकलेला माणूस आहे, ऐकेल."

चंद्रव्वा इरकल नेसून, कपाळाला विभूती लावून गेली. रंगपटात टेपवाला आरशासमोर केस बसवत होता. तिला पाहताच तो पळत आला आणि तिच्या पायाच पडला.

"आजी! अहो, तुम्ही आलात! आशीर्वाद द्यायला आलात ना?"

पायाशी वाकलेल्या माणसाचं तोंड कसं फोडायचं? चंद्रव्वाने पाय मागे घेतले. "ऊठ," ती म्हणाली. "मला येक सांग. माज्या वव्हीत साजण कुणी घातला?"

तो हसला. "आजी, भाऊ म्हटलं की तरुण मुलं ऐकत नाहीत हो. आणि भाव तोच आहे की, प्रेमाचाच."

"भाव त्योच हाय?"

"अहो, मोकळेपणाने घ्या ना."

"बरं. साजण ऱ्हाऊ दे येक वेळ," चंद्रव्वा म्हणाली. दाक्षायणीबाईंनी चमकून तिच्याकडे पाहिलं. भांडायला आलेली ही बाई आता सौदा करत होती. "पन 'नगं येऊ' हाय तितं. तू 'ये' का केलंस?"

"तालात बसत नव्हतं, आजी. शिवाय नकारावर लोक नाचत नाहीत. 'ये' म्हटलं की गाणं उचललं जातं."

"आज तेवडं बदल. माजं नाव घेऊ नगंस, मला काई नगं. फकस्त 'नगं येऊ' म्हन."

"अहो, पण का? एका शब्दाने काय होतंय?"

चंद्रव्वाने दाराकडे पाहिलं, दाक्षायणीबाईंकडे पाहिलं. मग खाली बसली आणि पस्तीस वर्षांत नवऱ्यालासुद्धा जे सांगितलं नव्हतं ते तिने त्या दीडशहाण्याला सांगितलं.

लग्नाला दुसरं वर्ष होतं. भाऊ न्यायला आल्याशिवाय सासू माहेरी धाडत नसे, आणि पहिल्या नागपंचमीला कल्लप्पाला यायला जमलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी चंद्रव्वाने बाजारच्या गाडीवानाबरोबर निरोप पाठवला. या पंचमीला आला नाहीस तर बहीण मेली समज. सीना दुथडी भरून चालली होती. काठावरचे लोक म्हणाले, पोरा, थांब, उतार पडू दे. तो म्हणाला, बहीण रुसलीय. धोतर वर खोचून तो पाण्यात उतरला. तिसऱ्या दिवशी दोन कोसांवर सापडला. माहेरी सगळ्यांनी नदीला बोल लावला. निरोपाचं फक्त गाडीवानाला ठाऊक होतं, आणि तोही पुढे मेला.

"मी त्येला ये म्हनाले," चंद्रव्वा म्हणाली. "येकदाच म्हनाले. तवापास्नं रोज नगं म्हनते. गिरनी आली तरी घरचं पायलीभर मी जात्यावरच दळते, त्येला नगं म्हनायला. आन तू गावभर कर्णे लावून त्येला 'ये' म्हनतुयास."

टेपवाल्याचे डोळे भरून आले. ते खोटं नव्हतं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने तिचे दोन्ही हात धरले. "आजी, काय सांगितलंत तुम्ही! मला हे माहीतच नव्हतं. आज बघाच तुम्ही, या गाण्याचा मान मी कसा राखतो ते."

"म्हंजी बदलतूस?"

"तुम्ही फक्त पहिल्या रांगेत बसा."

चंद्रव्वा बसली. लावणी झाली, गोंधळ झाला, पोवाड्यात कुणीतरी तोंडाने तोफेचे आवाज काढले. तिला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. "बदलंल त्यो," ती दोनदा दाक्षायणीबाईंच्या कानाशी म्हणाली. "डोळ्यांत पानी हुतं त्येच्या."

मग टेपवाला माईकपाशी आला. दिवे मंद झाले. मागे कुणीतरी बासरीचा बारीक सूर धरला आणि त्या सुरावर त्याने सांगायला सुरुवात केली. सोलापूरच्या एका गल्लीतली एक आजी. तिचा लाडका भाऊ. भरलेली सीना. सुरेख सांगत होता मेला! काठावरची माणसं सांगितली, धोतर खोचणं सांगितलं. "आणि मित्रहो, त्याला बोलावणारी कोण होती? हीच बहीण! हिनेच निरोप धाडला होता!" नाट्यगृहात हळहळ उठली. बाया डोळ्यांना पदर लावू लागल्या. "ती आजी आज आपल्यात बसली आहे!" त्याने हात केला. दिव्याचा झोत चंद्रव्वाच्या तोंडावर पडला आणि सातशे माणसं माना उंचावून पाहू लागली, की हीच ती, भावाला बोलावून मारणारी.

तो शाल घेऊन खाली उतरला आणि ती त्याने तिच्या खांद्यांवर घातली. टाळ्यांचा पाऊस पडला. दाक्षायणीबाईंना वाटलं, आता उठावं आणि याच्या कानाखाली वाजवावी. आयुष्यभर मुलांना हात न लावणाऱ्या बाई, पण त्यांची मूठ वळली होती. चंद्रव्वा मात्र हललीसुद्धा नाही. ती अजून वाट पाहत होती. सांगितलं तर सांगितलं, अब्रू गेली तर गेली, पण आता हा 'नगं' म्हणेल.

ढोल वाजला, गिटार वाजली आणि काळ्या चष्म्याची मुलगी नाचत पुढे आली.

'ये रे ये साजणा...'

आताच डोळे पुसलेली माणसं टाळ्यांचा ठेका देऊ लागली. मागची पोरं खुर्च्यांवर चढली.

चंद्रव्वा उठली. तिने शाल काढली, दोन्ही टोकं जुळवून तिची नीट घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. मग पहिल्या रांगेतून शेवटच्या दारापर्यंत ती एकटी चालत गेली. दाक्षायणीबाई तिच्या मागे धावल्या.

बाहेर लख्ख ऊन होतं. तिकिटं न मिळालेल्यांसाठी नाट्यगृहाच्या फाटकावर कर्णा लावला होता आणि त्याच्याखाली माणसं जमली होती. दाक्षायणीबाई रडकुंडीला आल्या. "अक्का, चला इथून. टांगा बघते मी. चुकलं माझं, मीच त्याला तुमच्या दारात आणला."

पण चंद्रव्वा जागची हलेना. ती कर्ण्याच्या अगदी खाली जाऊन उभी राहिली. गाण्यात 'ये रे ये' आलं, आणि मान वर करून ती साध्या आवाजात म्हणाली, "नगं."

पुन्हा 'ये' आलं.

"नगं येऊ, कल्लप्पा."

लोक वळून पाहू लागले. कुणीतरी हसलं. दाक्षायणीबाईंनी तिचा दंड धरला होता, तो त्यांनी सोडला आणि त्या तिच्याशेजारी उभ्या राहिल्या. गाणं लांबलचक होतं, आणि त्या मुलीने 'ये' किती वेळा म्हटलं याला गणती नव्हती. चंद्रव्वाने त्यातलं एकही बिनउत्तराचं जाऊ दिलं नाही.

गाणं संपलं तेव्हा तिचा घसा बसला होता. तिने पदर सारखा केला आणि ती गल्लीच्या दिशेने चालू लागली.