मोडलेली वाट

दांडवाडीला पाण्याची बोंब काही नवी नव्हती, पण यंदाच्या वैशाखानं अगदी अंत पाहिला. पासली गावाच्या वर डोंगराच्या सोंडेवर मूठभर घरं. टँकर चढायला रस्ता नाही, आणि विहिरीत म्हणाल तर बेडूकसुद्धा उरला नव्हता. निम्म्या घरांना कुलपं लागली होती. वैष्णवीचा नवरा सोमनाथ सारोळ्याला टेम्पो चालवायचा. त्यानं फोनवर साफ सांगून टाकलं, "ह्या महिन्यात पाण्याचं काय झालं तर ठीक. न्हाईतर खोली बघून ठेवलीया. आईला घे आन् निघून ये."

आई म्हणजे धोंडाबाई. तिला हलवण्यापेक्षा डोंगर हलवणं सोपं! "म्या हितनं जाईन ती चौघांच्या खांद्यावर," हे तिचं ठरलेलं उत्तर. म्हातारी जाणार नाही, आणि तिला तहानेली टाकून सुनेचाही पाय निघणार नाही. म्हणजे पाणी मिळालं तर वाडी राहणार, नाही तर घर दोन जागी फाटणार.

वैष्णवी उत्रोलीची, भोरच्या कॉलेजात भूगोल घेऊन बीए झालेली. नकाशे वाचायला शिकली होती, पण ते शिक्षण लग्नानंतर चुलीत गेलं. आता गरज पडली तेव्हा ते आठवलं. इंग्रजांच्या अमदानीतला या भागाचा जुना नकाशा तिनं शोधला, रेंजसाठी खडकावर चढून मोबाईलवर उतरवून घेतला. बघते तर काय, नकाशात दांडवाडी होती, पण जागेवर नव्हती! घरांचे लाल ठिपके पार वर, पठारावर. त्यांच्या कडेला विहिरीचा निळा गोल. आणि आज जिथं चुली पेटतात तिथं नुसतं रान, त्या रानातून वर चढत गेलेली एक तुटक रेघ. तुटक रेघ म्हणजे पायवाट, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

ती रेघ बोटानं चढत गेली आणि एका खिंडीपाशी बोट थांबलं. ही जागा तिच्या ओळखीची होती. दर शिमग्याला वाडीतली माणसं घरटी एक करवंदीची काटी नेऊन तिथं टाकत. काटी टाकली की पाठ फिरवायची, आणि पलीकडून कुणीही हाक मारो, अगदी पोटच्या पोरानं मारली तरी, ओ द्यायची नाही. का, असं नव्या नवरीनं विचारलं होतं. रीत हाय, असं उत्तर मिळालं होतं. रीत म्हटल्यावर पुढं बोलायची सोय असते होय?

"आत्या, वर पठारावर हीर हाय का वो?"

तांदूळ निवडता निवडता धोंडाबाईचा हात थबकला. "हाय. पण त्ये पाणी आपलं न्हाई."

"मग कुणाचं?"

"सोमनाथ म्हणतो तसं सारोळ्याला जा हवं तर. पण ती वाट धरू नगंस."

अशानं कोण ऐकतंय! दुसऱ्याच दिवशी वैष्णवीनं शेजारच्या गोरखला बरोबर घेतलं. काट्यांचा ढीग पुरुषभर उंच, तळातल्या काट्यांची माती झालेली. दोघांनी कोयत्यानं वाट मोकळी केली. वर गेले तर नकाशा शब्दाला जागला होता. घरांची जोती तेवढी उरलेली, झुडपांत बुडालेली, आणि चिरेबंदी विहीर. गोरखनं दगड टाकला. खालून डुबुक आवाज आला, आणि दोघं येड्यासारखी हसत सुटली.

वाडीतला जाणता माणूस गेनूतात्या. त्यानं कपाळावर हात मारून घेतला, पण तहानेपुढं त्याचं कोण ऐकणार? बायका हंडे घेऊन चढू लागल्या. पाणी गोड होतं. आठवडा सुखाचा गेला.

मग एका संध्याकाळी वरून आवाज आला. "पाणी... पाणी द्या गं कुणी." आधी वाटलं, कोणी गुराखी असेल. पण दुसऱ्या संध्याकाळी तो आवाज खिंडीशी आला, आणि प्रत्येकाला तो आपल्याच घरातल्या कुणाचा तरी वाटला. गोरखला गेलेल्या बापाचा. वैष्णवीला तर स्वतःचाच. बायकांचे हंडे पुन्हा पालथे पडले.

"आता तरी सांगा आत्या," वैष्णवी म्हणाली, "कुणाचं पाणी हाय त्ये?"

धोंडाबाईनं दार लोटून घेतलं. "माज्या आजेसासूच्या येळंला, वाडी वर हुती तवा, पटकीची साथ आल्ती. धडधाकट हुती ती खाली उतरली आन् त्येंनी वाट मोडली."

"मेलेली मागं येऊ नयेत म्हणून?"

"मेल्याल्यांना कशाला लागतीया वाट?" म्हातारीचा आवाज चिरकला. "जिती हुती गं! हातरुणाला खिळल्याली. पाणी पाणी करीत हुती, हिरीपातुर जायाचं बळ न्हवतं. आन् आमची माणसं काट्या टाकून, पाठ फिरवून उबी ऱ्हायली. आवाज बंद हुईस्तवर."

वैष्णवीला भडभडून आलं. त्या रात्री तिला डोळा लागला नाही.

सकाळी गेनूतात्यानं फर्मान काढलं: आज दिवस मावळायच्या आत काट्या पुन्हा टाकायच्या. वाट गेली की पाणी गेलं, आणि पाणी गेलं की वाडी उठली. वैष्णवीला ते पटेना. ज्यांना पाणी हवं त्यांना पाणी द्यावं, एवढी साधी गोष्ट शंभर वर्षांत कुणाला कशी सुचली नाही? कुणाला न सांगता ती भर दुपारी हंडा घेऊन वर गेली.

पोहरा सोडला, हंडा भरला, पहिल्या जोत्यावर ओतला. माती ओली दिसायच्या आतच सुकली. दुसऱ्या जोत्यावर ओतताना कानाशी कुणीतरी म्हणालं, "लई उशीर केलास गं." रागानं नव्हे, जेवायला खोळंबलेलं माणूस म्हणतं तसं. तिला पळावंसं वाटलं, पण हातातला हंडा अर्धा भरलेला होता, आणि अर्ध्यावर टाकून जाणं तिला जमेना. भरत राहिली, ओतत राहिली. जोती संपली तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. शेवटचा हंडा तिनं घरासाठी डोईवर घेतला आणि ती उतरली.

खिंडीत काट्या पडल्या होत्या! ताज्या, हिरव्या, पुरुषभर उंच. पलीकडं सगळी वाडी पाठ फिरवून उभी.

"तात्या, म्या हाय! वैष्णवी!"

दुपारभर उन्हात तिचा घसा सुकला होता. आवाज चिरका, खोल गेलेला निघाला. तिलाच तो ओळखू आला नाही.

"ओ दिऊ नगा कुणी," गेनूतात्या म्हणाला. "त्ये कुणाच्याबी आवाजात बोलतंय."

"गोरख भावजी, काटी काढा वो! मला टाकून जाऊ नगा!"

गोरखनं दोन्ही कानांवर हात दाबले, मान वळवली नाही. माणसं उतरू लागली. वैष्णवीला मागं पावलं वाजल्यासारखी वाटली, एकाची नव्हे, पुष्कळांची. तिनं डोईवरचा हंडा खाली ठेवला आणि डोळे गच्च मिटले.

"कुणी ओ देत न्हाई व्हय?" हा आवाज धोंडाबाईचा होता. वैष्णवीनं डोळे उघडले. म्हातारी एकटीच वळून उभी होती. ती सुनेकडं बघत नव्हती, सुनेच्या मागं बघत होती, आणि तिचा चेहरा राखेसारखा पांढरा पडला होता. गेनूतात्या ओरडला, "धोंडे, येडी झालीस का? फिर मागं!"

"आमी येकदा पाठ फिरवली," धोंडाबाई म्हणाली. "ते पुरं झालं."

तिनं उघड्या हातांनी काट्या ओढायला सुरुवात केली. मनगटावरून रक्त ओघळलं तरी थांबली नाही. फट पडली तशी तिनं वैष्णवीला दंडाला धरून अलीकडं ओढलं, छातीशी घट्ट धरलं आणि ओक्साबोक्शी रडली. वैष्णवीही रडली. मग भानावर येऊन ती वाट पुन्हा बुजवायला वाकली.

"ऱ्हाऊ दे पोरी. तुज्यामागची यायचीत अजून."

धोंडाबाईनं रक्ताळल्या हातानं डोईवरचा पदर सारखा केला, आणि बाजूला सरून तिनं वाट मोकळी करून दिली.

"या," ती म्हणाली. "जपून या. काटं हायती."