दसऱ्याच्या कुंकवात अडलेला चाप

मित्रांनो, मी एक जुनी छऱ्याची बंदूक आहे आणि खरं सांगायचं तर आता पार थकले आहे. माझा दस्ता घामाने काळा पडलाय, नळीवरची निळी झाक उडून गेलीय, आणि आतली स्प्रिंग दाबताना म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यासारखी कुरकुरते. यवतमाळच्या टोकाला एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये नेमबाजीचं केंद्र आहे, तिथल्या भिंतीवर मी टांगलेली असते. कोणी विचारलं तरच बोलते. आज तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. लोखंड तापवलं, ठोकलं, घासलं, आणि अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवून मला खोक्यात झोपवलं. तिथून मी आले वणीला, कोळशाच्या खाणीच्या कचेरीत काम करणाऱ्या नरहररावांकडे. सुरुवातीला माझे काय लाड! रविवारी अंगणात रिकामे डबे मांडायचे आणि सगळ्या कॉलनीने टाळ्या वाजवायच्या. पण हौस ती हौसच. मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि मी माळ्यावर गेले, फाटक्या गाद्यांच्या खाली. किती वर्षं, ते मला ठाऊक नाही. अंधारात वर्षं मोजता येत नाहीत. गंज तेवढा चढत होता. नरहरराव निवृत्त होऊन यवतमाळला आले तेव्हा त्यांच्या पत्नी पद्मजाकाकूंनी साफ सांगितलं, ही ब्याद आता घरात नको. म्हणून मी या शेडमध्ये आले.

इथे मला मारोतराव भेटले. फौजेतून निवृत्त झालेला माणूस. मिशा पांढऱ्या, आवाज मात्र अजून परेडचा. त्यांनी माझा गंज काढला, स्प्रिंग बदलली, आणि गावोगावच्या पोरापोरींच्या हातात मला दिलं. पण लगेच नाही हं. आधी नुसतं उभं राहायचं, श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, थांबायचं. छर्रा कधी मिळेल असं विचारणाऱ्याला तो आणखी उशिरा मिळायचा. त्यांचा एक हट्ट होता. बंदूक रिकामी आहे असं कोणी म्हटलं की ते म्हणायचे, "तोंडानं सांगू नको, उघडून दाखव." रोज तेच, प्रत्येकाला तेच. ऐकून ऐकून माझेसुद्धा कान किटले होते.

या सगळ्यांत आर्णीची सुरभी मला आवडायची. अकरावीतली मुलगी, बोलायला कमी. तिच्या हातात मी गेले की माझी कुरकुर थांबायची. तिचे वडील घनश्यामभाऊ दर रविवारी तिला मोटारसायकलवर घेऊन यायचे. घरी कापूस, तूर. दसऱ्याच्या सुमारास तर वेचणीला माणूस मिळत नाही, आणि हे बापलेक इकडे. घरचे बोलत, भावकी बोलत. शेवटी घनश्यामभाऊंनी जाहीर करून टाकलं होतं, की यंदा राज्याच्या स्पर्धेसाठी निवड झाली तर ठीक, नाही तर बंदूक बंद. सुरभीने मान हलवली होती. ती मान किती जड झाली होती ते मला तिच्या खांद्याला टेकल्यावर कळायचं.

निवड चाचणी नेमकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आली. आणि इथेच घोळ झाला.

आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रपूजा असते. मारोतरावांच्या पत्नी विमलताई दरवर्षी आम्हा सगळ्या बंदुकांना ओळीने पाटावर ठेवून हळदकुंकू लावतात, फुलं वाहतात, आपट्याची पानं ठेवतात. त्यांचा हात मोठा सढळ. त्या वर्षी त्यांनी माझ्या नळीला लावलं, दस्त्याला लावलं आणि चापालाही भरभरून लावलं. जिथून काम होतं तिथे जास्त, असा त्यांचा हिशोब. मी नुकतीच तेल पिऊन बसले होते. कुंकू त्या तेलात कालवलं गेलं आणि चापाच्या फटीतून आत उतरलं. मला कळत होतं, पण मी काय करणार? पूजेच्या वेळी कोण बंदुकीचं ऐकतं?

एरवी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी केंद्राला सुट्टी असते. पूजेचं कुंकू त्याच दिवशी पुसू नये अशी विमलताईंची समजूत, म्हणून मारोतराव सुट्टीच्या दिवशी निवांत बसून आम्हाला उघडतात, पुसतात, तेल देतात. त्या वर्षी सुट्टी नव्हती. सकाळी घाईघाईत त्यांनी बाहेरून फडकं फिरवलं, नळी तपासली, आणि आयुष्यात पहिल्यांदा आतला खटका बसतो ती चापाची पेटी उघडायची सोडली. घनश्यामभाऊ तर खूश होते. दसऱ्याचं कुंकू लागलेलं हत्यार आज धोका देणार नाही, असं ते दोरीपलीकडे बसलेल्या लोकांना सांगत होते.

चाचणी सुरू झाली. सुरभी छान मारत होती. श्वास, थांबणं, चाप, आणि काळ्या वर्तुळात भोक. मलाही जुने दिवस आठवले. थकवा होता, पण अंगात जोर आला होता. थोडेच छर्रे उरले होते. तिने नळी वाकवून उघडली, छर्रा घातला, नळी मिटली, नेम धरला, चाप ओढला.

काहीच झालं नाही.

चाप मागे गेला तो तिथेच चिकटून राहिला. आत स्प्रिंग दाबलेली, पुढे छर्रा बसलेला, आणि मधला खटका केसभर सुटून लटकलेला. मी जराशी हलले तरी कधीही सुटू शकत होते. मित्रांनो, मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. माळ्यावरच्या अंधारात मी कोणाचं काही बिघडवत तरी नव्हते.

सुरभीने बोट चापाच्या बाहेर घेतलं. माझं तोंड लक्ष्यामागच्या वाळूच्या पोत्यांकडे होतं ते तसंच ठेवलं, मला टेबलावर टेकवलं आणि डावा हात वर केला. बस, एवढंच. शेजारच्या रांगेत ठकाठक बार होत होते, वेळ पळत होता, आणि ही पोरगी हात वर करून उभी. मारोतराव दुसऱ्या टोकाला होते, त्यांनी पाहिलं आणि सगळ्यांना थांबायला सांगितलं. पण ते पोचायच्या आधी घनश्यामभाऊंचा धीर सुटला. दोरीखालून वाकून ते थेट टेबलापाशी आले.

"काहून नाही वाजली? नळीत अडकलं असंन काही, दाखव मले," असं म्हणत त्यांनी माझी नळी धरली आणि आपल्याकडे वळवायला लागले. ते वाकलेच होते. एक डोळा मिटलेला होता, दुसरा माझ्या तोंडात बघायला निघालेला.

सुरभीने दस्ता दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. घरात ज्या माणसासमोर तिने कधी मान वर केली नव्हती, त्याला ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, नळी सोडा. मांगं व्हा. थे भरेल हाय."

सगळ्या शेडने ऐकलं. घनश्यामभाऊंचा चेहरा उतरला, लाल झाला. चार लोकांत लेकीने हटकलं. मला वाटलं, आता हे हिसका मारतील. पण तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे. त्यांनी नळी सोडली आणि ते मागे झाले.

मारोतराव आले. मला वाळूकडेच धरून त्यांनी दस्त्याखाली हात घातला, आणि त्या नुसत्या स्पर्शाने माझा बार झाला. समोरचं पोतं फाटलं. त्यातून वाळूची बारीक धार खाली सांडू लागली. घनश्यामभाऊ त्या धारेकडे बघत राहिले आणि मग स्वतःच दोरीखालून वाकून पलीकडे गेले.

सुरभीला दुसरी बंदूक देऊन वेळही वाढवून दिला. पण परक्या बंदुकीशी लगेच सूत जुळत नाही. हात वर असेपर्यंत शांत असलेली ती पोरगी आता श्वास अर्धा सोडून थांबायचंच विसरत होती. उरलेले छर्रे भरकटले आणि तिची निवड झाली नाही. यादी वाचून झाली तेव्हा ती बापाकडे न बघता पिशवी भरत होती. तिला ठाऊक होतं, ठरलं होतं तेच होणार.

मारोतराव घनश्यामभाऊंजवळ जाऊन म्हणाले, चूक माझी आहे, सकाळी मी ही उघडायला हवी होती. घनश्यामभाऊ पोरीपाशी गेले. मग पोरीची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेत म्हणाले, "सर, निवड त मांगून बी होईन. हे जे थांबनं शिकवलं ना, थे अजून शिकवा. येत्या रविवारी आणतो तिले." सुरभी तेव्हा रडली. मला बरं वाटलं. खूप वर्षांनी इतकं बरं वाटलं.

माझी स्प्रिंग आता काढून टाकली आहे. नव्या मुलांना पकड शिकवायला तेवढी खाली उतरवतात, पुन्हा टांगतात. या टांगण्या-उतरवण्याचाही आता शीण येतो.

अशी आपली कहाणी सांगणाऱ्या सगळ्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा, आमच्यावर माया करा. मी तसं म्हणणार नाही. मला पुसा, तेल द्या, पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी कितीही म्हातारी दिसले, कितीही गप्प पडले, कोणी देवाची शपथ घेऊन मी रिकामी आहे म्हणून सांगितलं, तरी माझं तोंड माणसाकडे वळवू नका. मला माझं तोंड वळवता येत नाही, मित्रांनो. ते तुमच्याच हातात असतं.