मी चोख पुसत गेलो

मित्रांनो, मी एक जुना, झिजलेला खोडरबर आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा चांगला पांढराशुभ्र, चौकोनी होतो. आता बोटाच्या पेराएवढाही उरलो नाही. झिजल्याचं दुःख नाही; कशापायी झिजलो, ते मात्र मनाला खातं.

माझी मालकीण परिचारिका आहे. तिचा नवरा आणि सहा वर्षांची लेक दोन वर्षांपासून परदेशात आहेत. इंग्रजीची परीक्षा पास झाली, तरच हिला तिकडे जाता येईल. दोनदा नापास झाली. ही शेवटची संधी. लेक रोज फोनवर विचारते, "आई, कधी येतेस?" आणि ही काहीबाही सांगून वेळ मारून नेते.

तिचं गाडं एकाच जागी अडायचं. पाणी, सल्ला, माहिती अशा न मोजता येणाऱ्या गोष्टींच्या शब्दांआधी इंग्रजीत 'अ' हे उपपद लावत नाहीत. 'या बाटलीतलं पाणी' असं नेमकं सांगायचं असेल, तर 'द' लागतो. ही मात्र 'वॉटर'लाही 'अ' चिकटवायची आणि 'ॲडव्हाइस'लाही. शिकवणीच्या बाई पेन्सिलीने चूक दुरुस्त करून शेजारी कारण लिहायच्या.

सरावाचं पुस्तक नणंदेचं होतं. तिलाही पुढे हीच परीक्षा द्यायची होती, म्हणून पुस्तक कोरं परत हवं असं तिने वहिनीला बजावलं होतं. पान झालं की मालकीण मला उचलायची आणि मी इमानेइतबारे सगळं पुसायचो. चूकही आणि बाईंनी लिहिलेलं कारणही. किती स्वच्छ पुसतो हा, असं ती म्हणाली की मी फुलून जायचो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने पुन्हा त्याच चुका केल्या. बाईंनी मागची पानं उलटून पाहिली.

"मी लिहून दिलेलं कुठे गेलं?"

"पुसलं. पुस्तक परत द्यायचंय ना."

बाईंनी पुस्तक मिटलं. "अगं, मग उजळणी कशावरून केलीस?"

घरी येऊन ती ढसाढसा रडली. मग पुस्तक खिडकीपाशी नेऊन तिने तिरकं धरलं. उतरत्या उन्हात पेन्सिलीचे वळ पुसट दिसत होते. ती डोळे ताणून एकेक अक्षर लावू लागली. पण बऱ्याच ठिकाणी मी फार चोख काम केलं होतं.

आज ती परीक्षेला गेली आहे. मी टेबलावर पडून आहे, शेजारी ते कोरं पुस्तक. मित्रांनो, मला जपून वापरा. चूक उमजेपर्यंत तिला पानावर राहू द्या. लेकीच्या फोनची वेळ होत आली आहे, आणि तिला द्यायचं उत्तरच मी पुसून टाकलं नसेल ना, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला आहे.