धाकट्याला सांगायचं राहिलं

मी एक जुनी डिस्कपेटी आहे, मित्रांनो. दिसायला काळी, कपाटाच्या खणाएवढी, आणि दिवसभर घूंघूं करणारी. पण एका मोठ्या हॉस्पिटलातले सगळे एक्स-रे, सगळे स्कॅन माझ्या पोटात आहेत. उगीच नाही मी तोरा मिरवत!

कारखान्यात मला आठ डिस्क मिळाल्या. इथे आल्यावर त्या आठही जणींचा एक गट बांधला आणि सगळ्यांची मिळून एकच मोठी जागा केली. माझ्या डोक्यावर दोन सर्व्हर, म्हणजे माझ्यातलं लिहिणारे-वाचणारे संगणक, बसवले. त्यांना सगळे थोरला आणि धाकटा म्हणतात. दोघांच्याही केबल माझ्याकडे येतात, पण नियम कडक आहे: एका वेळी एकानेच लिहायचं. दोघे एकदम लिहायला लागले तर सगळ्याचा विचका होईल. म्हणून थोरला काम करतो आणि धाकटा त्याच्यावर नजर ठेवून बसतो. थोरला पडला की धाकट्याने उठायचं. माझ्या गटात कोण कोण आहे, याची यादी दोघांकडेही असते.

आमची देखभाल ताई करतात. कामाला अगदी वाघ. एकदा जागा कमी पडू लागली तेव्हा त्यांनी दोन नव्या डिस्क आणल्या आणि काम न थांबवता गटात घातल्या. थोरल्याच्या यादीत दहा नावं लागली. "वा! कुणाला कळलंसुद्धा नाही," त्यांचे साहेब म्हणाले. मीही फुगले. तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. कुठल्याशा वॉर्डातला प्रिंटर अडला होता. त्या तशाच धावल्या आणि धाकट्याला सांगायचं राहिलं. मला कळत होतं हो, पण मला तोंड कुठे आहे? दोन महिने मी नुसती घूंघूं करत राहिले.

मग एका सकाळी अकराच्या सुमाराला थोरल्याचा वीज घेणारा भाग जळाला आणि तो बंद पडला. धाकटा लगेच उठला, माझ्यापाशी आला, यादी काढली आणि तिथेच घोडं अडलं. त्याच्या यादीत आठ, माझ्याकडे दहा! हा गट आपला नव्हेच, अशा थाटात त्याने मला उघडायला साफ नकार दिला.

आणि वरच्या मजल्यावर सात वर्षांची एक मुलगी ऑपरेशनच्या टेबलावर होती. तिच्या मणक्याजवळ गाठ होती. सर्जनबाईंना आदल्या दिवशीचे स्कॅन पडद्यावर हवे होते, आणि ते नेमके माझ्या नव्या डिस्कवर होते. ते पाहिल्याशिवाय त्या हात पुढे नेणार नव्हत्या, आणि भूल फार लांबवणं मुलीला झेपणारं नव्हतं.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो ताई, त्या दोन डिस्क काढून टाका ना! आठवर तरी चालू होऊ दे."

माझं धाबंच दणाणलं. त्या काढल्या तर मुलीचे स्कॅनही गेले!

"नाही साहेब," ताई म्हणाल्या. "पेटीचं काही चुकलेलं नाही. चूक माझी आहे. धाकट्याला मी सांगितलंच नाही. पाच मिनिटं द्या मला."

आधी त्यांनी थोरल्याची केबल उपसली, मधेच जागा होऊन त्याने लिहू नये म्हणून. मग धाकट्याची जुनी यादी पुसली आणि त्याला माझी एकेक डिस्क वाचायला लावली. आपला गट कोणता, हे प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं ना! आठ झाल्या, नऊ झाल्या, दहावीही सापडली. मी उघडले. वरून फोन आला, "दिसलं. आता कुणी फोन करू नका."

संध्याकाळी सर्जनबाई स्वतः खाली आल्या. गाठ निघाली होती. मुलगी पायाची बोटं हलवत होती.

"कुणी सोडवलं हो हे?"

"मीच. आणि अडकवलंही मीच," ताई म्हणाल्या, आणि दिवसभर आवरलेलं रडू त्यांना फुटलं.

सर्जनबाई रागावल्या नाहीत. "एखादा पोटात राहू नये म्हणून टाके घालण्याआधी आमच्याकडे कापसाचे बोळे दोघींनी मोठ्याने मोजायचे असतात. मी कितीही हुशार असले तरी! तुम्हीही मोजत जा की."

थोरला दुरुस्त होऊन परत आला. तेव्हापासून माझ्यात काही बदललं की ताई थोरल्यापाशी आणि साहेब धाकट्यापाशी उभे राहतात आणि मोठ्याने मोजतात. मग थोरल्याला मुद्दाम निजवून धाकट्याला उठवून बघतात. साहेबांना आधी लाज वाटायची. आता त्यांचा आवाज पार जिन्यापर्यंत जातो.

मी आता थकले आहे. पुढच्या महिन्यात नवी पेटी येईल. तुम्हीही घरात, शाळेत काहीतरी मिळून सांभाळत असाल, मित्रांनो. त्यात काही बदललंत, तर आज जो नुसता वाट पाहत बसलाय त्यालाही आठवणीने सांगा. सगळा भार कधी त्याच्यावर येईल, सांगता येत नाही.

काल त्या मुलीचा नवा एक्स-रे माझ्याकडे आला. तो तिने उभं राहून काढलाय.