नोनाची हाक

"घे तुझी नोना," धाकट्या भावानं, अल्पियसनं पिंजरा ओट्यावर ठेवला. "शाळेतली पोरं नुसती वेडी झाली तिला बघून."

ऑक्टोविनानं नोनाला हातावर घेतलं. वादळात ढोलीतून पडलेलं हे सांपिरी पोपटाचं पिल्लू तिनं केळं चावून भरवत वाढवलं होतं. हे लाल-निळे पोपट या बेटांखेरीज कुठंच नाहीत. ते धरायचे नाहीत, अशी गावानं चर्चमध्ये शपथ घेतली होती. नोनाचा पंख मोडका, म्हणून तेवढी तिच्याकडे राहिली.

पोटाची पिसं बोटांना चिकटली. तिनं वास घेतला. नीरफणसाचा चीक. पक्षी धरायला वडील हाच चीक उकळून फांद्यांना फासायचे.

"कुठली शाळा रे?"

"अगं, ती पलीकडच्या गावातली..."

"अल्पियस!"

"एवढं काय झालं? रानात पक्षी थोडे आहेत का? हिनं हाका मारल्या, ते आले. मी कुणाचा गळा नाही कापला."

आई गेल्यावर याच भावाला पाठीशी बांधून ती शेतात राबली होती.

ती टेकडीवरच्या कनारीच्या झाडाखाली गेली. या टेकडीची राखण गावानं तिच्याकडेच दिली होती. दिवस कलला की इथं थव्यांच्या कलकलाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. आज चार-दोन पक्षी आले, घिरट्या घालून निघून गेले. फांद्यांना निळी पिसं चिकटलेली होती.

गावसभेत प्रमुखांनी विचारलं, "टेकडीवर बोलावणारा पक्षी ओरडत होता म्हणतात. कुणाचा?"

ऑक्टोविना थांबली. अल्पियस उठेल असं तिला अजूनही वाटत होतं. तो नखं बघत बसला होता.

"माझा," ती उभी राहिली.

"आणि नेला कुणी, ऑक्टोविनाताई?"

तिनं भावाकडे पाहिलं. त्यानं मान वर केली नाही.

"पक्षी माझा होता," ती पुन्हा म्हणाली.

कुजबुज झाली. "आणि हीच म्हणे टेकडी राखायची!" मागून कुणीतरी म्हणालं. राखण तिच्याकडून काढून घेतली. पिंजराही नेला.

संध्याकाळी अल्पियस रोजच्यासारखा दारात आला. "ताई, भूक लागलीय गं."

तिनं साबुदाण्याची भाकरी वाढली, भाजलेला मासा वाढला, पाणी ठेवलं.

"तू नाही बसत?"

"जेव."

आपलं ताट घेऊन ती बाहेर पडली आणि शेजारणीच्या पायरीवर जेवायला बसली.