कालव्याच्या अलीकडे

पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते. चांगलं टोक काढलेली पेन्सिल आलेखाच्या कागदावर साधारण अर्धा मिलिमीटर रुंद रेघ ओढते. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर असं प्रमाण धरलं, तर त्या रेघेखाली शहराचा पंचवीस मीटरचा पट्टा झाकला जातो. म्हणजे एक रस्ता, त्याच्या दोन्ही कडांची घरं आणि त्या घरांत राहणारी माणसं. रेघ ओढणाऱ्याला ती दिसत नाहीत.

रविवारी सकाळी लेकीने आईच्या जेवणाच्या टेबलावर आलेखाचा कागद पसरला, तेव्हा तिलाही ती दिसत नव्हती. ती माध्यमिक शाळेत गणित शिकवायची. पट्टी, पेन्सिल, खोडरबर तिने ओळीने मांडून ठेवले. समोर तिचे दोघे भाऊ बसले होते. त्यांच्याविषयी तिला वाटणारी तुच्छता लपवण्याची तसदी तिने घेतली नव्हती.

आईची इमारत रस्ता रुंद करण्यासाठी पाडायची होती. नोटीस केव्हाच लागली होती. भाडेकरू एकेक करून निघून गेले, लिफ्ट बंद पडली, जिन्यातले दिवेसुद्धा कुणीतरी काढून नेले. तिसऱ्या मजल्यावर आई तेवढी उरली होती. आईने आता कुठे राहायचं एवढंच ठरवायचं होतं, आणि तेच कित्येक महिने ठरत नव्हतं.

ठरत नव्हतं, कारण तिन्ही मुलं आईच्या भल्याचा विचार करत होती. भलं हा शब्द त्या घरात इतका वापरला गेला होता की झिजून त्याच्या आरपार दिसायला लागलं होतं.

थोरला विमा कंपनीत साहेब होता. आईला मोकळी हवा मिळायला हवी, असं त्याचं म्हणणं. मोकळी हवा बाजाररस्त्याच्या उत्तरेलाच असते, आणि घर प्रत्यक्ष त्या रस्त्यावर तर मुळीच नको, गोंगाट फार. तो स्वतः बाजाररस्त्याच्या दक्षिणेला, हवा नसलेल्या भागात, मजेत राहत होता. त्याच्या घरातल्या एका खोलीत व्यायामाचं यंत्र होतं. त्यावर व्यायाम कुणी करत नसे, कपडे वाळत असत. ती खोली रिकामी नाही, असं कुणी न विचारताच थोरल्याचं दोनदा सांगून झालं होतं.

धाकटा दातांचा डॉक्टर. त्याला आईच्या प्रकृतीची काळजी. मोठं इस्पितळ रेल्वेच्या पूर्वेला, तेव्हा आईने रुळांच्या पूर्वेलाच राहावं. घर रुळांना अगदी चिकटून असलं तरी त्याची हरकत नव्हती. गाड्यांच्या आवाजाची सवय होते म्हणे माणसाला. तो स्वतः रुळांच्या पश्चिमेला राहायचा आणि शेजाऱ्याच्या मिक्सरबद्दल तक्रार करायचा.

लेकीची अट एकच होती, आणि तिच्या मते समजूतदार. घर कालव्याच्या अलीकडे असावं. पुलावर वर्दळ फार, आईला तो ओलांडता यायचा नाही. अगदी कालव्याच्या काठावरचं चालेल, असंही तिने मोठ्या मनाने म्हटलं होतं.

आई यातलं सगळं ऐकून घ्यायची. तिने नोकरीची सगळी वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली होती. दोन माणसं जोडून द्यायची आणि मधे बोलायचं नाही, ही सवय तिच्या हाडात मुरली होती. कुणी फारच विचारलं तर म्हणायची, बघू. आताही ती मोरीच्या बाजूला स्टुलावर बसून काचेचे पेले जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होती. थोरली वहिनी तिला कागद फाडून देत होती.

"आज हे मिटवायचं," लेक म्हणाली. "प्रत्येकाने आपली अट सांगायची. मी ती गणितात लिहिते. मग वाद घालायचाच तर कागदाशी घाला."

तिने शहर कागदावर उतरवलं. घड्याळाचा चौक हा आरंभबिंदू. चौकातून पूर्वेला जाणारा रस्ता x-अक्ष, उत्तरेला जाणारा y-अक्ष. रेल्वे चौकापासून दोन किलोमीटर पूर्वेला सरळ उत्तर-दक्षिण धावते, तेव्हा धाकट्याची अट झाली x ≥ 2. रुळांना चिकटलेलं घर त्याला चालणार होतं, म्हणून तिने ही रेघ अखंड ओढली. बाजाररस्ता तीन किलोमीटर उत्तरेला. थोरल्याला खुद्द रस्त्यावरचं घर नको होतं, म्हणून y > 3, आणि रेघ तुटक. वर्गात मुलांना सांगावं तसं तिने सांगितलं की रेघेवरचे बिंदू धरायचे असतील तर रेघ अखंड, सोडायचे असतील तर तुटक. थोरल्याने समाधानाने मान हलवली. आपली अट अशी नीटनेटकी दिसेल असं त्याला वाटलं नव्हतं.

मग कालवा. तो तिरका वाहतो. वायव्येकडून येतो, आग्नेयेकडे जातो, आणि त्याच्यावरच्या कुठल्याही जागेचे दोन्ही निर्देशक मिळवले तर बेरीज सहा येते. तिने x + y ≤ 6 लिहिलं आणि (0, 6) पासून (6, 0) पर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढली.

कुठली बाजू रंगवायची ते धाकट्याने लगेच सांगून टाकलं. लहान असल्याचं चिन्ह आहे ना, मग खालची. शाळेत असंच पाठ केलं होतं.

लेकीच्या ओठांची कड वर गेली. वर्षानुवर्षं ती मुलांच्या डोक्यातून हेच पाठांतर काढत आली होती, आणि ते घरातच बसलं होतं. "चिन्ह कधीकधी फसवतं," ती म्हणाली. "रेघेला विचारायचं नाही. रेघेवर नसलेला एक बिंदू घ्यायचा आणि त्याला विचारायचं, तुला ही अट मान्य आहे का? चौक घे. शून्य अधिक शून्य, सहापेक्षा लहान आहे की नाही? आहे. म्हणजे चौकाच्या बाजूचा भाग आपला."

"यावेळी खालचाच निघाला," धाकटा म्हणाला.

"बंद घड्याळाचीही वेळ कधीतरी जुळते," तिने त्याला गप्प केलं.

तिने तीन रंगांच्या पेन्सिलींनी तीन भाग रंगवले. जिथे तिन्ही रंग एकमेकांवर चढले, तिथे एक छोटा त्रिकोण गडद झाला. एक कोपरा रेल्वे आणि बाजाररस्ता मिळतात तिथे, दुसरा कालव्यावर रेल्वेच्या पुलापाशी, तिसरा कालव्यावर बाजाररस्त्याच्या पुलापाशी. खात्रीसाठी तिने मधला एक बिंदू घेऊन तिन्ही अटींत घालून पाहिला. तिन्ही खऱ्या ठरल्या. आईच्या भल्याची जागा सापडली होती.

थोरल्याने चष्मा लावून कागदावर मान घातली. तिथे काय आहे, असं त्याने विचारलं. कुणालाच चटकन आठवेना. मग धाकट्याने मोबाइलवर नकाशा उघडला, बोटांनी मोठा केला आणि तसाच धरून राहिला.

"तिथे जलशुद्धीकरण केंद्र आहे," तो म्हणाला. "सगळ्या भागावर. टाक्याच आहेत नुसत्या."

"मला पोहायला शिकावं लागेल," आई पेला गुंडाळत म्हणाली.

वहिनी खुदकन हसली आणि थोरल्याने बघितल्यावर थांबली. लेक मात्र हसली नाही. याच क्षणासाठी तर तिने कागद आणला होता. तिने काळं पेन घेतलं आणि बाजाररस्त्याच्या दक्षिणेला एक ठिपका दिला. हे दादाचं घर. रुळांच्या पश्चिमेला दुसरा. हे धाकट्याचं. मग ती शांतपणे, आवाज जराही न चढवता बोलली. दोघांनी अटी कशा सांगितल्या ते बघा, म्हणाली. हवा आणि इस्पितळ ही नुसती नावं. प्रत्येकाने आपल्या दारासमोर रेघ ओढली आहे आणि आईला तिच्या पलीकडे उभं केलं आहे. वर त्या रेघेला भल्याचं लेबल लावलं आहे. याला काळजी म्हणत नाहीत, कुंपण म्हणतात.

थोरल्याने पेन्सिल उचलली, कागदाच्या कडेशी काटकोनात ठेवली, पुन्हा उचलली. धाकटा नकाशात काहीतरी शोधत असल्यासारखा मोबाइलकडे बघत राहिला. दोन शिकलेले, कमावते, चारचौघांत आईचा विषय निघाला की आवाज मऊ करणारे पुरुष.

बोलली ती वहिनी. तिने हातातला कागद नीट घडी करून बाजूला ठेवला.

"वन्सं, तुमचं घर राहिलं दाखवायचं."

लेकीने तिच्याकडे पाहिलं. मग कागदाकडे. पेन अजून हातात होतं, आणि गणिताच्या बाईने ठिपका चुकीच्या जागी देणं शक्य नव्हतं. चार पूर्वेला, चार उत्तरेला. तिने ठिपका दिला. चार अधिक चार, आठ. कालव्याच्या पलीकडे, रंग न लागलेल्या पांढऱ्या भागात तो एकटा ठिपका चांगलाच उठून दिसला.

"अरे वा," धाकटा हळूच म्हणाला.

लेक स्वतःच्या रेघेकडे बघत राहिली. ती नसती तर? x ≥ 2, y > 3. दोनच अटी. मग तो गडद भाग वर आणि उजवीकडे कागदाच्या टोकापर्यंत मोकळा होता. कालव्यापलीकडच्या सगळ्या वस्त्या त्यात होत्या, भाजीवाले, दवाखाना, तिची स्वतःची गल्ली. भावांच्या रेघा हलकट होत्या, यात शंका नव्हती. पण त्या दोन रेघांच्या मधे आईला जागा उरत होती. टाक्यांपर्यंत तिला ढकललं होतं तिसऱ्या रेघेने.

आणि पुलावरची वर्दळ? पुलाला वेगळा पदपथ होता. ती रोज त्यावरूनच शाळेत जायची. आई जवळ आली तर रोज येईल, स्वयंपाकघरात बसेल, उत्तरपत्रिका तपासताना शेजारी बसून राहील, या विचाराला तिने वर्दळ हे नाव दिलं होतं. भावांपेक्षा आपण बऱ्या, असं तिने इतकी वर्षं मानलं होतं. फरक इतकाच होता की तिची रेघ तिरकी होती.

इतका वेळ भावांसाठी राखलेली तुच्छता आता तिच्याकडे वळली, आणि ती तिला नेमकी मापाची बसली.

आई उठली. पदराला हात पुसत टेबलापाशी आली आणि कागदावर वाकली. बराच वेळ तिने तो पाहिला, एखादा नंबर लागत नाही म्हणून तारा तपासाव्यात तसा.

"ठमे, मघाशी काय म्हणालीस तू?" तिने विचारलं. "कुठली बाजू रंगवायची ते कुणाला विचारायचं?"

"बिंदूला," लेक म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता.

"मग या कागदावर मी कुठे आहे?"

कागदावर तीन रेघा होत्या, तीन रंग होते, मुलांच्या घरांचे तीन ठिपके होते. चौथा ठिपका नव्हताच.

आई खुर्ची ओढून बसली. रागावलेली नव्हती, आणि तेच त्या तिघांना जड गेलं. एक्सचेंजमध्ये लोक भांडायचे, म्हणाली, तेव्हा एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. प्रत्येकाचं स्वतंत्र ऐकलं तर प्रत्येकाचं बरोबर वाटतं. एकेक अट तशी लहानच असते, हीच तर तिची लबाडी. ज्याच्यावर त्या सगळ्या एकदम पडतात, त्याच्या बाजूने कुणी बेरीज करत नाही. "तुम्ही मला टाक्यांत बुडवायला निघाला नव्हतात, ते मला कळतं. पण कुणी मला विचारायलाही निघालं नव्हतं. महिनोन्‌महिने मी बघू म्हणते आहे. बघू म्हणजे काय, हे एकानेही विचारलं नाही."

हे केवळ त्या एका घराचं नाही. म्हाताऱ्या माणसाचं काय करायचं, याच्या बैठका आपल्यापैकी अनेकांच्या घरी भरतात. आपण अटी मांडतो, त्यांना काळजीचं नाव देतो, एकमेकांच्या अटींतला स्वार्थ अचूक पकडतो. आणि ज्याच्या आयुष्यावरून या रेघा जातात ते माणूस शेजारी पेले गुंडाळत बसलेलं असतं. दुसऱ्याच्या जगण्याच्या सीमा आखायला बसण्याआधी त्याला स्वतःला विचारावं, हे कळायला गणित यावं लागत नाही. लाज मात्र असावी लागते.

लेकीने खोडरबर घेतला आणि आपली रेघ खोडली. रंगाखालची रेघ पूर्ण जात नव्हती, कागदावर तिचा मळकट वण राहिला. "दादा, पुलावर वर्दळ नाहीये," ती म्हणाली. "मी ते रचलं होतं." थोरल्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव इतक्या उघडपणे आला, की वहिनीने दुसरीकडे पाहिलं.

"तर आई माझ्या गल्लीत—" लेकीने सुरुवात केली आणि मधेच थांबली. हीसुद्धा रेघच होती. ती आईच ओढणार होती की आपण?

तिने काळं पेन आईपुढे ठेवलं.

"आई, तुला कुठे राहायचंय?"

आईने पेन उचललं. कालव्याच्या पलीकडे, लेकीच्या ठिपक्यापासून थोडं डावीकडे तिने एक ठिपका दिला आणि तो दिसेल एवढा गिरवला.

"इथे. तुझ्या नाही, मागच्या गल्लीत. तळमजल्यावर दोन खोल्या आहेत, मी पायी पूल ओलांडून बघून आले आहे. किल्ली माझ्याकडे राहील, आणि भेटायला येताना सगळ्यांनी आधी फोन करायचा. ठमे, तूसुद्धा. मी तिथे राहायला जाते आहे."